दोन वाजताचं विमान आणि नवमीचा घास

माझे वडील काय करत, असं कुणी विचारलं की मी सांगते, ‘कावळे हाकलत.’ समोरचा माणूस हसतो आणि आता खरं उत्तर येईल म्हणून थांबतो. खरं उत्तर तेच आहे. नागपूरच्या विमानतळाला लागून आमची वस्ती होती. मधे एक भिंत, भिंतीपलीकडे गवत आणि गवतापलीकडे धावपट्टी. त्या धावपट्टीवरचे पक्षी पळवायच्या कामावर बाबा होते, तेही रोजंदारीवर. लहानपणापासून त्यांनी ज्वारीच्या शेतात माळ्यावर उभं राहून राखण केलेली. गोफण अशी चालवत की कणसावरचा पोपट उडे आणि कणीस जागचं हलत नसे. त्याच गुणावर त्यांना घेतलं होतं. पण पहिल्याच दिवशी त्यांनी गोफणीतून खडा भिरकावला, तसे ड्यूटीवरचे साहेब जीपमधून ओरडत आले, “पत्थर? रनवे पर पत्थर? अरे, पंछी से पहले तू ही जहाज को मारेगा!” इंजिनाला पक्षी जितका वाईट तितकाच खडाही वाईट, हे बाबांना तेव्हा कळलं. जन्मभराचं कसब एका सकाळीच निकामी झालं. दुसरा कुणी असता तर काम सोडून घरी आला असता. बाबांनी आठ दिवस खपून रिकामी गोफण वाजवायचं शिकून घेतलं. दगड नाही, नुसती दोरी गरगर फिरवायची आणि शेवटी असा हिसका द्यायचा की तिचं टोक बंदुकीच्या बारासारखं फाडकन वाजावं. ती दोरी कमरेला गुंडाळूनच ते घरी येत, जेवत आणि पुन्हा जात. झोपताना तेवढी खुंटीवर जाई.

आमच्या घरात दिवसाचे तुकडे विमानं पाडून देत. सकाळचं मुंबईचं विमान उडालं की फळीवरच्या पितळी वाट्या किणकिणत आणि आत्या चुलीवर चहाचं आधण ठेवी. दुपारी दोनचं उतरलं की बाबा भाकर खायला बसत. संध्याकाळचं आलं की दिवा लावायचा. आधी पंख्याची विमानं येत आणि एक जुनं जेट येई, त्याच्या आवाजाने बोलणंच थांबवावं लागे. ताटावर बसलेली माणसं घास हातात धरून थांबत आणि आवाज गेला की अर्ध्यावर राहिलेलं वाक्य पुढे सुरू होई. आणि मग मी नववीत असताना ते नवं विमान आलं. सगळे त्याला ‘तीनशेवीस’ म्हणत. पांढरंशुभ्र, पोट जमिनीच्या जवळ, दोन पंखांखाली दोन इंजिनं इतकी खाली लोंबलेली की जरा वाकलं तर आत डोकावता यावं. बाबा एकदा झाडूवाल्यांबरोबर आत जाऊन आले. “मधातून एकच वाट हाये,” ते सांगत होते, “अन् दोन्हीकडं तीन-तीन खुर्च्या. यष्टीवाणीच, पण दीडशे मानूस बसते.” आई कढी ढवळता ढवळता म्हणाली, “अन् उडते कशानं?” बाबांना सांगता येईना. मी म्हटलं, मी सांगेन, थोडी थांब. मला तरी कुठे ठाऊक होतं! पण सांगेन म्हणून बसले होते, आणि मी एकदा म्हणून बसले की माघार घेत नसे. आत्या याला हट्ट म्हणे आणि आई जिद्द.

या नव्या विमानाची एक गोम मात्र बाबांनीच पहिल्यांदा ओळखली. ते जुन्यापेक्षा पुष्कळ हळू बोले. आम्हाला सुख वाटलं, वाट्या वाजायच्या थांबल्या, ताटावरचं बोलणं अखंड झालं. पण बाबांच्या कपाळावर आठी आली. “पाखराईले आईकूच येत नाई न,” ते म्हणाले. “जुनं याचं तं दोन कोसावरून कळे त्याईले. हे मुकाट्यानं येऊन राहिलं अंगावर.” पुढे कितीतरी वर्षांनी, इंजिनांच्या एका वर्गात, गळ्यात टाय बांधलेल्या पाहुण्याने पडद्यावर चित्रं दाखवून हेच वाक्य इंग्रजीत सांगितलं. सगळे वहीत उतरवून घेत होते. मी नाही उतरवलं. मी ते कढीचा वास येत असलेल्या स्वयंपाकघरात आधीच ऐकलं होतं.

आई कावीळ होऊन गेली तेव्हा मी अकरावीत होते. आठ-दहा दिवसांचा खेळ. तिच्याबद्दल लिहायला बसले की माझं पेन अडतं, म्हणून तिच्या कढीगोळ्यांबद्दल लिहिते. तुरीची डाळ भिजवून ती पाट्यावर जाडसर वाटायची. त्यात मिरची, लसूण, मूठभर सांबार, म्हणजे पुण्याकडचे लोक ज्याला कोथिंबीर म्हणतात ती. त्याचे लिंबाएवढे गोळे वळायचे आणि उकळत्या कढीत सोडायचे. पण सगळे एकदम नाही. आधी एकच गोळा सोडायचा आणि त्याच्याकडे बघत बसायचं. तो फुटला नाही तरच बाकीचे. “एकानं आधी जाऊन पाहा लागते,” ती म्हणायची. ती बाबांना सारखी सांगत असे, कुंदाले विमानाच्या पोटात काय हाये ते पाहाचं हाये, पाहू द्या तिले. शहरात विमानदुरुस्तीचा कोर्स होता, तीन वर्षांचा, आणि बारावी सायन्सवर तिथे घेत. बाबा ‘नाही’ म्हणत नव्हते, पण ‘हो’ही म्हणत नव्हते. पोरीनं पान्हे फिरवायचे, हे त्यांच्या गळी उतरत नव्हतं, आणि तसं सांगायची लाज वाटे म्हणून ते म्हणत, “मले पक्कं होऊ दे, मंग पाहू.” मी बारावी झाले, तरी ते रोजंदारीवरून पक्के झाले नव्हते.

त्या वर्षी पितृपक्ष लागला. आमच्याकडे त्या पंधरवड्यात घरोघरी पित्तर जेवतात. उडदाचे वडे, तांदळाची खीर, कढी, कोहळ्याची भाजी, गवार. पळसाच्या पानावर सगळं थोडं थोडं वाढून तो घास छपरावर नाहीतर मागच्या भिंतीवर ठेवायचा आणि कावळ्याला हाका मारायच्या. कावळा शिवला की गेलेलं माणूस जेवलं, आणि मग घरच्यांनी जेवायचं. आमच्या वस्तीतल्या सगळ्या घरांची मागची भिंत म्हणजे विमानतळाची भिंत. पिढ्यान्‌पिढ्या घास तिथेच ठेवत आले होते, आणि विमानतळ नंतर आला होता, हेही खरंच. बाबा सकाळी धावपट्टीवरून कावळे हाकलत आणि आमची वस्ती दुपारी त्यांनाच ‘या, या’ म्हणून बोलावी. कुणाला त्यात काही विचित्र वाटत नसे. मलाही वाटलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारचं तीनशेवीस उतरताना त्याच्या डाव्या इंजिनात घार गेली. ठप्प असा एक आवाज आम्हाला घरात ऐकू आला. विमान नीट उतरलं, माणसं सुखरूप उतरली, पण विमान तिथेच अडकून पडलं आणि पुढे जाणाऱ्या माणसांना रेल्वेने धाडावं लागलं. दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन गेले. त्या काळी फाटकावर आतासारखी तपासणी नव्हती. बाबांच्या चौकीतून ते विमान समोर दिसत होतं, इंजिनाची झाकणं दोन्ही बाजूंना उघडलेली, आणि आत नळ्यांचं, तारांचं असं दाट जाळं की मी बघतच राहिले. एक मेकॅनिक इंजिनाच्या तोंडाशी बसून पुढचा मोठा पंखा हाताने हळूहळू फिरवत होता. एकेका पात्यावरून अंगठा नेई, मोजे, पुढचं पातं घेई. बावीस पाती होती, मीही त्याच्याबरोबर मोजली. तीन पात्यांच्या कडा मुडपल्या होत्या. मला आत जाऊन ती पाती मोजायची होती, आणि त्या क्षणाला दुसरं काहीही नको होतं.

चौकीत साहेब आले. त्यांच्या हातात वर्तमानपत्राचा कागद होता, तो त्यांनी बाबांच्या टेबलावर उलगडला. आत उडदाचा वडा होता. मधे भोक पाडलेला, एका बाजूने टोचलेला, तुपकट. “रनवे पर मिला,” ते म्हणाले. “चील के पंजे से गिरा है. ये किसके घर का है, महादेव?” वडा कुणाचाही असू शकत होता. पण मला तो ओळखू आला. भोक अंगठ्याने न पाडता करंगळीने पाडायची रीत एकट्या माझ्या आत्याची. साहेब माणूस वाईट नव्हते. त्यांनी आवाज चढवला नाही. कावळे घास उचलतात, कावळ्यांमागे घारी येतात आणि घारी विमानाच्या वाटेत घिरट्या घालतात, एवढं त्यांनी समजावून सांगितलं. मग म्हणाले, या पंधरवड्यात पुन्हा एक पक्षी लागला तर पक्षी पळवणारी सगळी माणसं बदलायचा हुकूम वरून येईल, आणि त्यांच्या हातात काही राहणार नाही. लागला नाही तर बाबांना पक्कं करायचा कागद ते स्वतः पुढे पाठवतील. म्हणजे बाबांचं काम, आणि बाबांच्या कामावर टांगलेला माझा कोर्स, दोन्ही त्या वड्यापाशी येऊन थांबले.

संध्याकाळी मारुतीच्या ओट्यावर वस्ती जमली. बाबांना पाखरांसमोर कंठ फुटत असे, माणसांसमोर नाही. ते उभे राहिले, गोफणीचं टोक बोटांभोवती गुंडाळू लागले आणि कसंबसं म्हणाले, “यंदा घास टाकू नका जी.” डोमाजीकाका वस्तीतले मोठे, सगळे त्यांचा शब्द मानत. ते म्हणाले, “महादेवा, तुह्या नोकरीपायी आमचे पित्तर उपाशी ठेवाव काय गा?” बायका कुजबुजू लागल्या. बाबा खाली बसले. त्यांचं ते खाली बसणं मला सोसवलं नाही. मी उठले आणि म्हटलं, “घास बंद नका करू, जागा बदला. डोमाजीकाकाच्या वर्धा रोडपलीकडल्या वावरात चिचेचं झाड हाये. सारे कावळे राती तिथंच झोपाले जातात. बाबाईनं पाहून ठेवलं हाये. आपन तिथं घास नेऊन ठेवला तं ते इकडं येतीनच काहून?”

“अन् नेईन कोन?” डोमाजीकाकांनी विचारलं. “बाया चुलीपाशी, मानसं कामावर.”

“मी नेईन. साऱ्याइच्या घरचा.”

आत्याने तोंडाला पदर लावला. “बाप्पा बाप्पा! पोट्टीच्या जातीनं लोकाइच्या पित्तराइचे घास वाहाचे? कुठं आईकलं हाये का वं?” मी म्हटलं, नाही ऐकलं, आता ऐकशील. चारचौघांत आत्याला असं बोलायला नको होतं, आणि ते मला आजही टोचतं. पण डोमाजीकाका हसले. म्हणाले, “पाहू एक दिवस. कावळा तिथं नाई शिवला, तं मंग आपली भितच बरी.”

पहिल्या दिवशी दोनच घरांनी घास दिला. सायकलच्या कॅरिअरला मी टोपली बांधली, हँडलला पिशवी. भाद्रपदातलं ऊन आमच्याकडे कसं असतं ते ज्याने सोसलं त्यालाच ठाऊक, पाऊस थांबलेला आणि जमीन उकडलेली. खीर सांडू नये म्हणून अर्धी वाट सायकल हातात धरून चालले. चिंचेखाली पानं मांडली, मागे सरकले, आणि मी टोपलीवरचं फडकं झटकते न झटकते तोच कावळे उतरले. संध्याकाळी ही बातमी मी घरोघरी जाऊन सांगितली. कुणाचा वडा आधी उचलला, कुणाची खीर सांडली, सगळं. दुसऱ्या दिवशी पाच घरं झाली, मग अकरा. कुणाचं पान कुठलं हे मी वाढप पाहून ओळखे. एकदा ट्यूब फुटली तेव्हा टोपली डोक्यावर घेऊन पायी गेले, आणि परतताना अनवाणी, कारण चपलेचा अंगठा तुटला होता. रडू आलं होतं, पण रडायला थांबले असते तर दोनचं विमान उतरायच्या आत पानं पोचली नसती. बाबा रोज चौकीतून भिंतीकडे बघत. भिंत मोकळी होती. घारी पांगल्या होत्या. दोन वाजता ते लांबट पांढरं पोट घेऊन विमान उतरे, मी वावरातून त्याच्याकडे पाही आणि मनात बावीस पाती मोजी.

मग अविधवा नवमी आली. सवाष्ण गेलेल्या बायकांचा तो दिवस. आईचं वर्षश्राद्ध होऊन गेलं होतं, त्यामुळे तिची ही पहिलीच नवमी. मी पहाटे उठून डाळ वाटली. आधी एक गोळा कढीत सोडला आणि बघत बसले. तो फुटला नाही. आत्या बाजूला उभी होती, ओट्यावरच्या त्या प्रकारानंतर पाच दिवस ती माझ्याशी धड बोलली नव्हती. तिने ते पाहिलं, डोळे पुसले आणि करंगळीने वड्यांना भोकं पाडायला बसली. बाबांनी अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतली होती. ते कामावरून थेट वावरात येणार होते.

त्या दिवशी चिंचेखाली जत्राच भरली. कावळा तिथे झटकन शिवतो ही ख्याती पसरली होती. सहा-सात घरांत नवमी होती, ती सगळी माणसं आली, बघे आले, चाळीसेक जण सहज असतील. पानं मांडली. आईच्या पानावर कढीत भिजलेले दोन गोळे मी स्वतः ठेवले. बाबा सगळ्यात पुढे उभे राहिले, हात जोडून. आणि कावळे आले नाहीत. झाडाच्या शेंड्यावर काळा थर बसलेला होता, ओरडत होता, पण एकही खाली उतरेना. अर्धा तास गेला. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. कुणीतरी हळूच म्हणालं, महादेवच्या बायकोचं मन कशात तरी अडकलं असन, तिच्यापायी साऱ्याइचे पित्तर खोळंबले. असं झालं की घरच्या माणसाने गेलेल्याच्या मनातलं ओळखून शब्द द्यायचा, ही रीत. बाबांनी शब्द द्यायला सुरुवात केली. “बहिनीले अंतर देनार नाई.” कावळा नाही. “तुह्या माहेराशी येनंजानं ठेवीन.” नाही. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मग पानाकडे, आणि मोठ्याने, माणसांसमोर त्यांना कधीच काढता येत नसे अशा आवाजात म्हणाले, “कुंदाले विमानाचं शिकवीन. पान्हे फिरवू दे नाई तं काही करू दे. शिकवीन. आईकलं काय वं?”

सगळे शेंड्याकडे बघत होते. एकही कावळा हलला नाही. बाबांचा चेहरा तेव्हा कसा झाला ते मी कधी विसरणार नाही. शेवटचं होतं ते त्यांनी दिलं होतं, आणि तिने तेही घेतलं नाही, असं त्यांना वाटलं. ते डावीकडे दोन पावलं सरकले, बहुधा तोंड लपवायला. आणि तेव्हा मला दिसलं. झाडावरचे कावळे सगळे मिळून उजव्या फांद्यांवर सरकले. बाबा पुन्हा मधे आले, कावळे पुन्हा हलले. ते पानांकडे बघतच नव्हते. ते माझ्या बापाकडे बघत होते, आणि त्यांच्या कमरेच्या दोरीकडे. हेच कावळे दिवसभर धावपट्टीवर असत. सहा वर्षं हा माणूस त्यांच्या कानाशी गोफण वाजवत आला होता. आम्ही सगळे, पाच दिवस पानं वाहणारी मी धरून, एवढी साधी गोष्ट विसरलो होतो.

मी पुढे गेले आणि त्यांच्या दंडाला धरलं. “बाबा, तुमी इथून जा.”

त्यांना ते समजलं नाही. आधीच तुटलेल्या माणसाला मी आणखी काय बोलले, असं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांसमोर कारण सांगत बसायला वेळ नव्हता, दोन वाजत आले होते, घरी म्हातारी माणसं उपाशी होती. “विहिरीमांगं जा. पाठ करून बसा. माह्यं आईका.” डोमाजीकाका “पोट्टे!” म्हणून ओरडले. बाबा गेले. नवमीच्या दिवशी, बायकोच्या पानासमोरून, चाळीस माणसांदेखत, मान खाली घालून चालत गेले आणि विहिरीच्या काठामागे दिसेनासे झाले. चुकले असते तर त्यांना पुन्हा तोंड दाखवता आलं नसतं मला.

आधी एक कावळा उतरला. एकट्यानेच. डोमाजीकाकांच्या पानापाशी गेला, मान वाकडी करून विहिरीकडे पाहिलं आणि वडा उचलला. मग दुसरा, मग झाडच रिकामं झालं. आईच्या पानावर तिघे आले. एकाने गोळा फोडला, दुसऱ्याने सबंधच पळवला. “शिवला, शिवला!” सगळे ओरडले आणि बायकांनी हात जोडले. त्याच वेळी लांबवर, रस्त्यापलीकडे, दोनचं विमान उतरत होतं. त्याच्या वाटेत आभाळ स्वच्छ होतं.

मी पळत विहिरीमागे गेले. बाबा पाठ करून, डोक्यावरून दुपट्टा घेऊन बसले होते, आणि हमसून रडत होते.

“शिवला बाबा. गोळाच नेला सबंध.”

“मी होतो तवा काहून नाई आली वं? राग होता काय तिले माह्यावर?”

“तिले नव्हता. कावळ्याइले होता. ते तुमाले ओळखतात.”

त्यांनी दुपट्टा बाजूला केला. कमरेच्या गोफणीकडे पाहिलं, झाडाकडे पाहिलं, आणि रडता रडता असे हसले की त्यांना ठसका लागला. मग एकदम थांबले. “मंजे मी उगाच कबूल केलं म्हन की! शिकवाचं!”

“उगाच काहून? चाळीस मानसाइनं आईकलं हाये,” मी म्हटलं. “अन् आईनं बी.”

अमावास्येपर्यंत एकही पक्षी लागला नाही. साहेबांनी कागद पाठवला. पुढच्या पावसाळ्यात मी त्या कोर्सच्या वर्गात बसले, वर्गात मुलगी मी एकटीच. त्या विमानाची आखूड आणि लांब भावंडं पुढे आली. पंख तेच, चालकाची खोली तीच, फक्त धड कमीजास्त, एका घरातल्या मुलांसारखी. त्या सगळ्या घराण्याची इंजिनं मी तीस वर्षं उघडली आणि मिटली. पात्यावरून अंगठा नेताना अजूनही तोंडातल्या तोंडात मोजते. दुसऱ्या जातीच्या इंजिनाला छत्तीस पाती असतात, तीही मोजते. आमची वस्ती आता तिथे नाही, जमीन गेली, माणसं पांगली. चिंचेच्या जागी गोदाम आहे. बाबा निवृत्त झाल्यावर माझ्याकडेच राहिले. सकाळी फिरायला निघाले की गल्लीतले कावळे तारेवरून उठत, आणि ते मला अभिमानाने सांगत, “पाह्यलं? अजून भेतात मले.”

ते गेले तेव्हा दहाव्या दिवशी मी घाटावर उभी होते. मनात धास्ती होती, खरं सांगते. या माणसाच्या पिंडाला नागपुरातला कुठला कावळा शिवणार? काय शब्द द्यायचा, कुणाला विहिरीमागे पाठवायचं, याचा मी रात्रभर विचार केला होता. भातावर मी एक कढीगोळा ठेवला आणि मागे वळले. दोन पावलंही झाली नसतील. मागे पंख फडफडले. पाहिलं तर पाच-सहा कावळे पिंडाभोवती उतरले होते, निवांत, इकडेतिकडे न बघता खात होते. भाग्याचा माणूस, लोक म्हणाले, काही इच्छा राहिली नाही. मी दहा दिवस रडले नव्हते, दवाखान्यात नाही, घाटावर नेतानाही नाही. तिथे मात्र मी मोठ्याने रडले. कावळे इतके निर्धास्त खात होते, तेव्हाच मला खरं वाटलं की बाबा गेले.